आधी परतफेड

बाबा बांधावर जात तेव्हा खिशात पेन्सिलीचं थोटूक असे.
खांबावरच्या खुणेशी पाणी ताडून पाहायचं, वहीत लिहायचं:
भरती, ओहोटी, वारा कुठून.
रविवारी लिहीत नसत. नुसतं बघून येत.

झीलंडच्या आमच्या बेटावर जमीन समुद्राच्या खाली.
गोठ्यातल्या गाईंच्या डोक्यावरून जहाजं जायची
आणि गाई रवंथ करत राहायच्या.

एकदा विमेवाला आला, सायकल ढकलत, घामाघूम.
बाबांनी त्याला कॉफी दिली, एक बिस्किट दिलं
आणि म्हणाले, ज्यानं सगळं दिलं
त्याच्या मनाविरुद्ध मी करार करत नाही.
आईनं त्याच्या मागच्या चाकात हवा भरून दिली.

क्रेनकाकांचा हिशोब वेगळा.
त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर सात शिक्के, सात कर्णे,
युद्धातल्या रेशनकार्डांचे आकडे, लाल शाईच्या रेघा,
आणि सगळ्या रेघा जाऊन मिळायच्या
चौपन्न सालच्या मार्च महिन्यात.
बाबा म्हणाले, क्रेन, घड्याळ आहे, मी नाही म्हणत नाही.
पण ज्याच्या घरात ते आहे
त्यानं ते तुझ्याकडे तोंड करून टांगलेलं नाही.

मी विचारलं होतं, सगळं जर ठरलेलंच आहे
तर मध्यरात्री वाळूची पोती कशाला वाहता?
ते लाकडी बुटांत गवत कोंबत होते.
बराच वेळ कोंबत राहिले.
मग म्हणाले, पाणी कधी यायचं ते माझ्याकडे नाही.
फावडं माझ्याकडे आहे. तेही त्यानंच दिलंय.

त्रेपन्नचा फेब्रुवारी, पहिली तारीख. वायव्येचा वारा.
बाबा दारोदार काठी आपटत फिरले.
आम्ही माळ्यावर चढलो, आई, मी, कोंबड्यांची एक पाटी.
रीनुस नऊ वर्षांचा. तो घोडी सोडायला खाली गेला.
घोडी दुसऱ्या दिवशी चर्चच्या टेकाडावर सापडली,
गळ्यात दावं, दाव्याला सोडलेली गाठ.

क्रेनकाकांच्या भिंतीचा कागद पाण्यानं सोलून नेला,
शिक्क्यांसकट, मार्चसकट.
नंतर ते कधी तारखांविषयी बोलले नाहीत.
बटाटे लावले. जमीन खारट होती, आले नाहीत.

पाळक म्हणाले, देवाची इच्छा.
आई म्हणाली, ते मला माहीत आहे, मला दुसरं काही सांगा.
बाबा काहीच म्हणाले नाहीत. इस्टरपर्यंत नाही.
मग एका संध्याकाळी त्यांनी शेवटची पानं उघडली
आणि मला जवळ बसवून बोट ठेवून दाखवलं,
इथे बघ, ल्युंचे, समुद्र आपल्यातले मेलेले देऊन टाकतो.
आणि हे, पुढच्या पानावर, समुद्र उरत नाही.
क्रम बघ. आधी परतफेड. मग जायची मुभा.
हिशोब चुकता केल्याशिवाय त्याला सोडणार नाहीत.

बाबांचं बोट थरथरत होतं, म्हणून ओळ दोनदा वाचावी लागली.

ते गेल्यावर वही माझ्याकडे आली.
सव्वीस वर्षांत एकही रविवार नाही, एक सोडून.
त्या पानावर ओलीचा पिवळा डाग आणि तीन शब्द:
खांब दिसत नाही.
त्याखाली वेळ लिहायला घेतली असावी.
आकडा अर्धाच आहे.

आता खाडीच्या तोंडाशी पोलादी दरवाजे आहेत.
शाळेच्या सहली येतात, मुलं कठड्यावरून थुंकून बघतात.
पाण्याची उंची यंत्र लिहितं.
मला समुद्र आवडतो, हे मी बाबांना कधी सांगितलं नाही.
सगळं नवं होईल तेव्हा तो नसेल
याचं मला थोडं वाईट वाटतं,
पण ते ठरवणं माझ्याकडे नाही.

मी रविवारी जाते. फक्त रविवारी.
प्रार्थनेहून परत येताना, काळ्या कोटातच,
खांबाशी थांबते, खूण बघते,
आणि लिहिते.
पाणी किती, वारा कुठून.
आणि दर वेळी त्याच शब्दांत:
अजून येणं बाकी.